तेलाच्या झाकणावर मराठी हवी

मा. संपादक,

सादर नमस्कार.

बागकामाची जुनी यंत्रं दहा वर्षांनी विकून टाकावीत, त्यांचे सुटे भाग मिळत नाहीत, ती दुरुस्त करत बसणं म्हणजे पैसा आणि वेळ दोन्ही मातीत घालणं, अशा आशयाचं एका वाचकाचं पत्र गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकात आलं होतं. त्यांना तसा अनुभव आला असेल. माझा निराळा आहे. माझ्या रोपवाटिकेत १९९६ सालचा छोटा ट्रॅक्टर आजही आठवड्यातले सहा दिवस राबतो. मध्यंतरी एकदा तो भंगारवाल्याच्या टेम्पोत चढायचाच बाकी राहिला होता, पण ती वेळ त्याच्या वयामुळे आली नव्हती. तेलाच्या झाकणावर काय लिहिलं आहे ते आमच्या माणसाला वाचता आलं नाही, म्हणून आली. हे पत्र त्याबद्दल आहे. लांबलं आहे, जमेल तेवढं छापावं.

आमची रोपवाटिका घोडबंदर रस्त्याला, कासारवडवलीच्या अलीकडे. ट्रॅक्टर माझ्या सासऱ्यांनी २००३ साली लिलावात घेतला. पोखरण रस्त्यावरचा एक कारखाना बंद पडला होता. कारखान्यासमोर ऐसपैस हिरवळ होती आणि ती कापायला मालकांनी हा ट्रॅक्टर परदेशातून मागवला होता. सोळा अश्वशक्ती, तीन सिलिंडरचं डिझेल इंजिन, पोटाखाली गवत कापायचा डेक, मागे अवजारं उचलणारी लिफ्ट. कारखान्याला टाळं लागल्यावर हिरवळ वाळली आणि ट्रॅक्टर पत्र्याच्या शेडमध्ये दोन पावसाळे तसाच उभा राहिला. आज त्या जागेवर उंच इमारती आहेत. ठाण्यात माझ्या वयाच्या कुणालाही विचारा, अशा चार जागा तरी सांगेल.

मामंजी वागळे इस्टेटमध्ये फिटर होते. ट्रॅक्टर घरी आला त्याच दिवशी त्यांनी शाळेची दोनशे पानी वही आणली आणि पहिल्या पानावर लिहिलं: ‘डिझेल टाकी उतरवून धुतली. तळाशी गंज व पाणी, अंदाजे अर्धा लिटर. वायरिंग उंदरांनी खाल्लेलं. बॅटरी मेलेली. इंजिन हाताने फिरतं, अडकलेलं नाही.’ पुढे आठ वर्षं ते लिहीत राहिले. तारीख, मीटरचे तास, काय केलं, कोणता पार्ट, किती रुपये. २०११ मध्ये त्यांचे गुडघे गेले आणि वही माझ्याकडे आली. तोवर मी रोपं, गिऱ्हाइकं आणि हिशेब पाहत होते. पाना कसा धरायचा हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. ते खुर्ची टाकून शेजारी बसायचे आणि सांगायचे, “सूनबाई, जे केलंस ते आजच लिही. उद्या आठवून लिहिलेलं खरं नसतं.” आता तिसरी वही चालू आहे.

वहीत सगळ्यात जास्त पानं डिझेलची आहेत. आपल्या हवेत ती असणारच. पावसाळ्यात अर्धी टाकी रिकामी ठेवून ट्रॅक्टर उभा केला की रिकाम्या भागात दमट हवा राहते. रात्री पत्रा गार झाला की तिचं पाणी होतं आणि डिझेलपेक्षा जड असल्यामुळे तळाला जाऊन बसतं. तिथून गंज सुरू होतो. डिझेल आणि पाणी जिथे एकमेकांना भेटतात तिथे शेवाळासारखा चिकट थरही धरतो. हे सगळं फिल्टरपर्यंत येतं, फिल्टर थकला की डिझेल दाबाने सोडणाऱ्या पंपात आणि ते इंजिनात फवारणाऱ्या नोझलमध्ये. पंपाच्या आतले भाग केसापेक्षाही कमी फटीत एकमेकांत सरकत असतात. त्यांना वंगण मिळतं ते डिझेलचंच, पाण्याचं नाही. म्हणून मामंजींचा नियम होता, मृगाच्या आधी टाकी गळ्यापर्यंत भरायची आणि पावसाळाभर दर पंधरवड्याला टाकीखालच्या काचेच्या वाटीतलं पाणी सोडायचं. वीस वर्षांत आमचा पंप एकदाच उघडला, तोही कॅलिब्रेशनसाठी.

डिझेल संपेपर्यंत चालवलं किंवा फिल्टर बदलला की लाइनमध्ये हवा शिरते. इंजिन फिरतं, पेट घेत नाही, आणि लोक स्टार्टर मारून मारून बॅटरी संपवतात. मग गॅरेजला फोन. याची अजिबात गरज नसते, म्हणून जरा सविस्तर सांगते. टाकीचा कॉक उघडायचा. फिल्टरच्या डोक्यावरचा एअरचा स्क्रू दोन आटे सैल करायचा आणि हातपंप मारत राहायचं. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग डिझेलची अखंड धार. धार आली की हातपंप चालू ठेवूनच स्क्रू आवळायचा. नंतर हेच पंपावरच्या स्क्रूला. तरीही इंजिन लागलं नाही तर नोझलकडे जाणाऱ्या पाइपांचे नट अर्धा आटा सैल करून स्टार्टर मारायचा, एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही, आणि मध्ये त्याला दम घेऊ द्यायचा. नटातून डिझेल झिरपू लागलं की आवळून टाकायचं. पण हात, चेहरा लांब ठेवावा. त्या पाइपातल्या डिझेलचा दाब इतका असतो की बारीक धारसुद्धा कातडीत घुसते. असं झालं तर जखम टाचणीएवढी दिसते, तरीही थेट दवाखान्यात जायचं असतं. हे वाक्य माझ्या वहीत लाल शाईने आहे.

दुसरी आमच्या रस्त्याची गोष्ट म्हणजे धूळ. मेट्रोचं काम सुरू झाल्यापासून घोडबंदर रस्त्याकाठची पानं हिरवी दिसत नाहीत, रोपं आम्ही दिवसातून दोनदा धुतो. माणूस नाकाला रुमाल बांधतो, इंजिनाला एअर क्लीनरच काय तो आधार. आमच्या ट्रॅक्टरला ऑइलच्या वाटीचा जुन्या पद्धतीचा क्लीनर आहे. हवा आत येताना ऑइलवर आपटून वळते, धूळ ऑइलमध्ये पडते, उरलेली वरच्या जाळीत अडकते. पूर्वी दर पन्नास तासांनी वाटी धुवायचो, आता उन्हाळ्यात दर आठवड्याला धुतो. तळाशी दोन बोटं चिखल निघतो. वाटीत ऑइल खुणेइतकंच भरायचं. ‘जरा जास्त असू दे’ असं म्हणून वर भरलं तर इंजिन ते ओढून घेतं आणि तेच इंधन म्हणून जाळायला लागतं. असं सुटलेलं डिझेल इंजिन चावी बंद करून थांबत नाही, हवेचं तोंड बंद करावं लागतं. ही सूचना वाटीवर कोरलेली आहे. इंग्रजीत.

आता मूळ गोष्टीकडे येते.

२०१९ च्या डिसेंबरात मी भाचीच्या लग्नाला नाशिकला गेले होते. आमच्याकडे तेव्हा एक जुने माळी होते, सगळे त्यांना दादा म्हणत. सातवीपर्यंत शिकलेले, अक्षर मोत्यासारखं. रोपांच्या पाट्या तेच लिहायचे. त्यांच्या लक्षात आलं की मागच्या चाकाजवळ तेलाचा डाग पडतोय आणि काडीवर तेल कमी दिसतंय. कामचुकार माणसाने दुर्लक्ष केलं असतं. दादांनी दुकानात जाऊन “गिअरचं तेल द्या” असं सांगितलं. दुकानदाराने नव्वद नंबरचं घट्ट तेल दिलं, कारण गिअरचं तेल म्हटलं की कुणीही नव्वद नंबरच देतो. या ट्रॅक्टरमध्ये मात्र गिअर आणि हायड्रोलिक (तेलाच्या दाबाने लिफ्ट उचलणारी यंत्रणा) दोघांना एकच तेल लागतं, पातळ, ट्रॅक्टरच्या हायड्रोलिकसाठी बनवलेलं. माहितीपुस्तिकेत ते चौतिसाव्या पानावर आहे आणि झाकणावरही कोरलेलं आहे. दादांनी झाकण हातात धरून पाहिलं होतं. पुढे मला म्हणाले, “ताई, मला वाटलं कंपनीचं नाव असेल.”

चार लिटर नव्वद नंबर आत गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी लिफ्ट उचलेना. सीटखालून कण्हल्यासारखा आवाज. दुपारी ऊन तापल्यावर लिफ्ट अर्धी वर जायची, थरथरायची, पुन्हा सकाळी तेच. मी परत आले तेव्हा दादांचा चेहरा पाहवत नव्हता. आपण काय चूक केली हेही त्यांना कळत नव्हतं.

मी विक्रेत्याच्या सर्व्हिस सेंटरवाल्यांना बोलावलं. आलेल्या मुलाने आवाज ऐकला, लिफ्टचा दांडा दोनदा हलवला आणि सांगितलं, हायड्रोलिक पंप गेला. पंप बाहेरून मागवावा लागेल, अडुसष्ट हजार, चार महिने, तेही मिळाला तर. “मॅडम, एवढ्या जुन्या मशीनवर खर्च करू नका, एक्स्चेंजमध्ये द्या.” तेल कोणतं घातलं हे त्याने विचारलं नाही, मला सांगता आलं नसतं हेही खरं. ट्रॅक्टर पाच महिने उभा राहिला. मार्चमध्ये टाळेबंदी आली, आमची कामं थांबली, आणि जूनमध्ये मी भंगारवाल्याशी वजनावर बोलणं करून ठेवलं.

वाचवलं ते खोपटच्या एसटी आगारातून निवृत्त झालेल्या एका मेकॅनिक काकांनी. ते तुळशीचं रोप न्यायला आले होते. ट्रॅक्टर पाहून थांबले, म्हणाले, “वहिनी, गार असताना अडतो आणि तापल्यावर चालतो ना? मग पंपाला कशाला दोष देता? आधी तेल बघू.” त्यांनी खालचा बोल्ट काढला, धारेत बोटं भिजवली, अंगठ्याने चोळली, वास घेतला. “हे नव्वद नंबर आहे.” त्या वासाची ओळख मला त्यांनीच करून दिली, गंधकासारखा उग्र वास, एकदा घेतला की विसरता येत नाही. अठरा लिटर तेल काढलं. पंपाच्या तोंडाशी असलेली जाळी निम्मी बुजलेली होती, ती रॉकेलमध्ये घासली. पाच लिटर योग्य तेल घालून इंजिन मंद चालवलं, तेही काढून टाकलं, मग पूर्ण भरलं. मागच्या चाकाजवळची गळती पंचवीस-चाळीस-सात मापाच्या एका ऑइल सीलची होती. ते सील बदललं. सगळा खर्च नऊ हजार चारशे, त्यातला बराचसा तेलाचा. लिफ्ट उचलली तेव्हा दादा शेडच्या खांबाला धरून उभे होते.

दादा गावी गेले, आता नाहीत. त्या पाच महिन्यांत त्यांनी मनाला लावून घेतलं होतं, याचं मला आजही वाईट वाटतं. ज्या माणसाने उन्हात जाऊन स्वतःच्या खिशातले पैसे घालून तेल आणलं, त्याला आपण अडाणी ठरवलं. त्याला वाचता येत होतं. त्याच्या भाषेत लिहिलेलं नव्हतं, एवढंच.

हे जुन्या, परदेशी यंत्राचं झालं, आता तसं राहिलेलं नाही, असं कुणी म्हणेल. मीही तसंच समजत होते. दोन वर्षांपूर्वी दुसरा ट्रॅक्टर घ्यावा म्हणून मी एका विक्रेत्याकडे गेले. यंत्र देखणं होतं. माहितीपुस्तिका मागितली तर दीडशे पानांची इंग्रजी पुस्तिका हातात ठेवली. मराठी आहे का विचारल्यावर सेल्समन म्हणाला, “मॅडम, आमचा माणूस येऊन समजावून देतो ना.” तो माणूस एकदा येतो, अर्धा तास बोलतो. पुढची वीस वर्षं यंत्र कुणाच्या हाती असतं? दादांसारख्यांच्या. स्टिकर काही इंग्रजीत होते, काही हिंदीत. मराठीत एकही नव्हता. मी तो ट्रॅक्टर घेतला नाही.

माझी मागणी एवढीच आहे. महाराष्ट्रात जे बागेचं किंवा शेतीचं यंत्र विकलं जातं, त्याच्यासोबत मराठी माहितीपुस्तिका मिळालीच पाहिजे आणि तेल, डिझेल, पाणी, ग्रीस जिथे जिथे घालायचं त्या प्रत्येक जागी मराठी अक्षरं हवीत. जुन्या मॉडेलांच्या पुस्तिका आणि पार्टची यादी कंपन्यांनी आपापल्या संकेतस्थळावर खुली ठेवावी. कागद छापायलाही नको, आम्ही झेरॉक्सच्या दुकानात काढून घेऊ. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आम्ही रोपवाटिकेत पेढे वाटले होते. त्या दिवशीही माझ्या डोळ्यांसमोर दादांच्या हातातलं ते झाकण होतं.

मात्र मराठी म्हणजे कोणती मराठी, हेही सांगायला हवं. फवारणीच्या एका पंपासोबत मला एकदा मराठी पत्रक मिळालं होतं. त्यात लिहिलं होतं, ‘स्नेहन तैलाची पातळी विहित मर्यादेत राखावी’. मी पदवीधर आहे, मला दोनदा वाचावं लागलं. आमच्या बाया म्हणाल्या, हे श्लोकासारखं आहे. ‘ऑइल खुणेपर्यंत भरा, वर नको’ असं लिहिलं असतं तर तिसरी शिकलेल्या माणसालाही कळलं असतं. गॅरेजमध्ये मराठी माणसाने स्वतःची भाषा केव्हाच तयार केली आहे. नोझल, बुश, ऑइल सील, हीटर प्लग, फॅनबेल्ट हे शब्द आता आपलेच आहेत. पंपात एअर धरली, क्लच स्लिप मारतो, बेरिंग गुणगुणतंय, इंजिन ऑइल खातंय, असं मेकॅनिक बोलतो आणि त्याच्या एका वाक्यात रोगाचं अर्धं निदान असतं. पुस्तिका लिहिणाऱ्याने आधी आठ दिवस वागळे इस्टेटच्या किंवा तुर्भ्याच्या गॅरेजमध्ये बसून हे ऐकावं. कोश उघडण्याची वेळच येणार नाही.

ही मागणी हवेतली नाही. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काचा आराखडा करण्यासाठी समिती नेमली. सुरुवातीला ज्या चार क्षेत्रांचा विचार झाला त्यांत शेतीची अवजारं आहेत. बाकीची तीन म्हणजे मोबाइल आणि टॅब्लेट, घरातली टिकाऊ उपकरणं आणि वाहनं. त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठी पोर्टलही सुरू झालं. उत्पादकाने दुरुस्तीची माहिती आणि सुटे भाग ग्राहकापर्यंत पोचवावेत, हा त्यामागचा विचार मला पूर्ण पटतो. पण माहिती पोचवणं म्हणजे ती समजेल अशा भाषेत देणं, हे त्यात गृहीत धरून चालणार नाही, लिहूनच घ्यावं लागेल.

सुटे भाग मिळत नाहीत, ही त्या पत्रलेखकांची मुख्य तक्रार होती. काही भाग मिळत नाहीत हे खरं. पण ‘कंपनीचा पार्ट’ म्हणून जे अडतं त्यातलं कितीतरी कंपनीचं नसतंच. डेकच्या ब्लेडचं बेरिंग गेलं तेव्हा मला सांगितलं गेलं होतं की ब्लेड ज्यावर फिरतं तो पूर्ण स्पिंडल मागवा. मामंजींच्या वहीत उपाय होता: बेरिंग पुसा, कडेवरचा नंबर वाचा. ६२०५ निघाला. शेवटच्या दोन आकड्यांना पाचाने गुणलं की आतलं भोक मिलिमीटरमध्ये येतं, म्हणजे पंचवीस. ०४ पासून पुढच्या नंबरांना हा हिशेब चालतो. हे बेरिंग पंख्यापासून मोटरपर्यंत कशातही असतं आणि कुठल्याही बेरिंगच्या दुकानात मिळतं. आमच्यासारख्या गवता-मातीच्या कामाला दोन्ही बाजूंनी रबराचं सील असलेलं मागावं. बेल्टचंही तसंच, पाठीवर बी आणि पुढे बावन्न असेल तर तो बी सेक्शनचा, आतून बावन्न इंचाचा. ऑइल सीलवर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी असे तीन आकडे असतात. मस्जिद बंदरच्या नागदेवी स्ट्रीटवर मी हे आकडे चिठ्ठीवर लिहून नेते आणि अर्ध्या तासात परत लोकल पकडते. दुकानदार माझ्या साडीकडे बघत नाही, चिठ्ठीकडे बघतो.

जे बाजारात नाही ते बनतं. पुढच्या आसाचा बुश झिजून चाक डुलायला लागलं होतं. वागळे इस्टेटमधल्या एका लेथवाल्याने जुना बुश आणि पिन मापून गनमेटलचा नवा काढून दिला, दोन दिवसांत. मूळ बुश झिजला होता तो ग्रीसअभावी. निपल, म्हणजे ग्रीस भरायचं बारीक तोंड, मातीने बुजलेला आणि ग्रीस मारणारा समजत होता की मारलं. निपल पुसल्याशिवाय गन लावू नये आणि दुसऱ्या बाजूने जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत थांबू नये, हे त्यानंतर वहीत आलं.

बाकीच्या गोष्टी साध्या आहेत. इंजिन ऑइल शंभर तासांनी किंवा वर्षाने, जे आधी येईल ते. रेडिएटरच्या जाळीत गवताचा भुगा अडकतो, तो आतल्या बाजूने बाहेर उडवायचा. बॅटरीची टोकं गरम पाण्याने धुऊन व्हॅसलिन, खाडीच्या खाऱ्या हवेत याला पर्याय नाही. ब्लेडच्या दोन्ही बाजूंना सारखी धार, आणि धार काढल्यावर ब्लेड मधल्या भोकातून खिळ्याला टांगून पाहायचं. एक बाजू खाली गेली तर ती अजून घासायची, नाहीतर ते बेरिंग पुन्हा जाणार. डेकखाली हात घालण्याआधी इंजिन बंद, चावी स्वतःच्या खिशात, आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर न राहता खाली लाकडी ओंडके.

एक गोष्ट मात्र मला थांबून सांगावीशी वाटते, विशेषतः बायकांना. ट्रॅक्टरच्या मागून निघणारा, रोटाव्हेटर किंवा फवारणी पंप फिरवणारा जो शाफ्ट असतो तो मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. २०१३ मध्ये माझा पदर त्याला लागला. पदर जुना, विरलेला होता, म्हणून फाटून निघाला आणि मी वाचले. नवी साडी असती तर हे पत्र लिहायला मी नसते. शाफ्टवरचं प्लॅस्टिकचं कव्हर फुटलेलं होतं आणि ‘चालतंय’ म्हणून आम्ही तसंच वापरत होतो. धोक्याचा स्टिकर होता, उन्हाने पांढरा पडलेला, इंग्रजी. आता आमच्याकडे कव्हर नसेल तर शाफ्ट जोडला जात नाही, आणि त्या कामाला मी पंजाबी ड्रेस घालते, ओढणी नाही.

लिफ्टच्या प्रकरणानंतर मी नंबरप्लेट रंगवणाऱ्या एका पेंटरला बोलावून ट्रॅक्टरवर मराठी लिहून घेतलं. ‘फक्त डिझेल.’ ‘इंजिन ऑइल, काडी पुसून बघा.’ ‘हायड्रोलिक तेल, नव्वद नंबर घालू नये.’ ‘गरम असताना झाकण उघडू नका.’ ‘शाफ्ट फिरताना जवळ येऊ नका.’ प्रत्येक झाकणाला वेगळा रंग आणि तेलाच्या डब्याला तोच रंग, म्हणजे ज्यांना अक्षरओळख नाही त्यांनाही पिवळ्याला पिवळं एवढं कळतं. खर्च सातशे रुपये आला. मला सातशे रुपयांत जे करता आलं ते कारखान्यात स्टिकर छापणाऱ्यांना किती पैशांत होईल?

येऊरच्या पाड्यावरून आमच्याकडे कामाला येणारी एक मुलगी आहे, मराठी माध्यमातून बारावी झालेली. ती रंगीत झाकणं पाहून ती विचारायला लागली, हे पिवळंच का, ते निळंच का. मी तिला वह्या दिल्या. पहिली वही तिने पंधरा दिवसांत वाचली. तीन महिन्यांत ती एकटीने एअर काढायला शिकली. धूर पाहून ती आता मला सांगते, काकू, काळा येतोय, एअर क्लीनर बघू. निळा असता तर ऑइल जळतंय म्हटलं असतं. सकाळी सुरुवातीला पांढरा धूर जास्त वेळ टिकायला लागला तेव्हा गार इंजिन सुरू करताना आतून तापवणाऱ्या तीन हीटर प्लगपैकी एक गेल्याचं तिनेच टेस्ट लॅम्प लावून शोधलं. आयटीआयमध्ये ट्रॅक्टर मेकॅनिकचा ट्रेड असतो हे कळल्यापासून तिचा तिकडे ओढा आहे. तिला इंग्रजी जमत नाही असं नाही, शिकेलही. पण यंत्र तिला कळलं ते वहीतल्या मराठीमुळे.

आपल्या वाचकांत असे कितीतरी निवृत्त फिटर, टर्नर, एसटीचे आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांचे मेकॅनिक असतील. त्यांच्याकडेही अशा वह्या असणार. त्या रद्दीत घालू नयेत. ज्यांच्याकडे लिहिलेलं नाही त्यांनी घरातल्या कुणाला तरी सांगून उतरवून घ्यावं, जसं बोलता तसंच. कंपन्या मराठी पुस्तिका काढतील तेव्हा काढतील, तोवर या वह्याच आमच्या पुस्तिका आहेत. ज्या पत्रलेखकांनी जुनी यंत्रं विकावीत असं लिहिलं, त्यांना माझी विनंती, विकण्याआधी एकदा तेल काढून बोटांवर चोळून बघा.

मीटर काल ४,३७१ वर होतं. खंडेनवमीच्या सुमारास ४,४०० होतील, तेव्हा इंजिन ऑइल, दोन्ही फिल्टर आणि फॅनबेल्ट बदलायचा आहे. या वेळची नोंद त्या मुलीच्या अक्षरात होईल.

आपली विश्वासू,
एक रोपवाटिकाचालक वाचक,
कासारवडवली, ठाणे (पश्चिम)